इको की क्विक?

सिडकोतल्या आमच्या घरी फ्रंट लोड वॉशिंग मशीनवर इको प्रोग्राम लावला की आकडा झळकतो ३:२०. आई म्हणते, "एवढ्या वेळात मी रामकुंडावर जाऊन धुऊन आणले असते."

पण इको उगाच रेंगाळत नाही. गरम पाण्याच्या धुण्यात सगळ्यात जास्त वीज खातो तो पाणी तापवणारा हीटर. ड्रम फिरवणारी मोटर त्यामानाने थोडीच. इको पाणी कमी तापवतो आणि ती कसर वेळाने भरून काढतो. थोडं फिरव, भिजू दे, पुन्हा फिरव. आपण रात्री बादलीत कपडे भिजत टाकायचो, तेच हे. द्राक्षबागेतून आलेल्या, गुडघ्यावर माती घट्ट बसलेल्या पँटींना इकोच हवा.

क्विक अर्ध्या तासात सुटका करतो, पण दोनेक किलोच कपड्यांची. ड्रम ठासून भरलात तर कॉलरची काळी रेघ तशीच, वर काळ्या कुर्त्यावर पावडरचे पांढरे ओघळ.

आणि गंमत म्हणजे, गार पाण्यावर क्विक लावला तर हीटर चालूच होत नाही, मग इकोची बचत उरते कुठे? म्हणून रोजचे घामाचे कपडे मी गार क्विकमध्येच टाकते. इको फक्त रविवारी. गेल्या खेपेला मात्र अडीच तास झाले आणि वीज गेली. दार लॉक, आत लेकीचा युनिफॉर्म.