निकॉन डी ३२०० की कॅनन १२००डी?

वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं मनात आलं आणि चार ठिकाणी चौकशी केली की ही दोन नावं हटकून येतात. दोन्ही शिकणाऱ्यांसाठी काढलेले, दोन्ही आता बंद झालेले, आणि नीट सांभाळलेला मिळाला तर दोन्ही आजही चोख काम देतात. निकॉन २०१२ चा, कॅनन २०१४ चा. पण साल बघून कॅनन पुढचा असं धरून चालू नका. त्यातला डिजिक ४ प्रोसेसर, म्हणजे फोटो तयार करणारी चिप, कॅननच्या २००८ च्या मॉडेलांतही होता.

मेगापिक्सेल, वजन, पडद्याचा आकार हे सगळं कुठेही वाचायला मिळेल, म्हणून इथे देत नाही. माझ्याकडे हे दोन्ही कॅमेरे बराच काळ एकाच कपाटात होते. १२००डी घरातलाच, डी ३२०० नंतर सेकंडहँड घेतलेला. पुढे एक मामेबहिणीला दिला आणि एक ठेवला. कोणता आणि कशामुळे, ते सांगतो. तुमचं काम माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

हातात घेतल्यावर १२००डी लवकर आपलासा होतो. आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, बदलायचा तर मागचा वरचा बाण दाबायचा, अंगठा न बघता तिथे जातो. क्यू बटण दाबलं की सगळ्या सेटिंग्ज एका पडद्यावर. निकॉनमध्ये आयएसओ पुढच्या अंगाच्या एफएन बटणाला लावून ठेवता येतो आणि डाव्या हाताच्या बोटाला त्याची सवयही लागते, पण शिकाऊ माणसाला पहिले काही दिवस कॅनन सोपा जातो हे खरं. कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या जेपीईजी फोटोंमधले चेहऱ्यांचे रंगही मला कॅननचे जास्त आवडतात. घरचं हळदीकुंकू, मुंज, साखरपुडा असले फोटो काढून लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचे असतील तर त्याला हात लावावा लागत नाही.

लेन्सच्या बाबतीतही कॅननचं पारडं जड आहे, आणि निकॉन घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं. कॅननचा ईएफ माउंट (लेन्स बसवायची जागा) १९८७ पासूनचा, आणि या ऑटोफोकस लेन्सची मोटर लेन्समध्येच असते. त्यामुळे जुनी ईएफ लेन्स मिळाली की लावा आणि चालू करा. डी ३२०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. कोणी ५० एमएमची १.८डी स्वस्तात देऊ केली तर ती बसेल, फोटोही येईल, फोकस मात्र हाताने फिरवावा लागेल. निकॉनच्या नंतरच्या एएफ-पी जातीच्या, कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सही या बॉडीवर ऑटोफोकस करत नाहीत. दुकानात १८-५५ म्हटलं की सगळ्या सारख्याच दिसतात. लेन्सवर एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे) ही अक्षरं स्वतः वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

हिवाळ्यात पहाटे पुण्याजवळच्या कवडीपाटला चक्रवाक आणि बाकीचे पाहुणे पक्षी टिपायला जाणं हाच तुमचा मुख्य उद्योग असेल, तर मी भीड न ठेवता १२००डी आणि ५५-२५० एसटीएम लेन्स सांगेन. त्या पैशात इतकी हलकी आणि पटकन फोकस करणारी टेलिलेन्स मला निकॉनच्या बाजूला मिळाली नाही.

आता पारडं दुसरीकडे झुकायला लागतं.

पुण्यात रस्त्यावर लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर धूळ बसणारच. खोदकामाची धूळ आहे, मिरवणुकीतला गुलाल आहे. डी ३२०० सेन्सरवरची काच थरथरवून धूळ झटकतो. सगळी जात नाही, पण बरीचशी जाते. १२००डी मध्ये ही सोय दिलेलीच नाही. पर्वतीवरून शहराचा देखावा एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान करून, घेतला की निळ्या आभाळात करडे ठिपके दिसायला लागतात, मग ब्लोअर काढा नाहीतर साफ करून घ्यायला दुकान गाठा. एकच लेन्स लावून ठेवणाऱ्याला याचा त्रास नाही.

दुसरा फरक सावल्यांमधला. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात आतल्या खांबांच्या ओळीत उभं राहा आणि समोरच्या गोल नंदीमंडपाकडे कॅमेरा धरा. बाहेर भर उन्हाचं अंगण, आत काळा दगड. बाहेरचा उजेड सांभाळून फोटो घेतला की खांब काळेठिक्कर येतात आणि घरी रॉ (प्रक्रिया न झालेल्या) फाइलमधून ते उजळवावे लागतात. निकॉनच्या फाइलमध्ये छिन्नीच्या खुणा, दगडाचा खरखरीतपणा वर येतो. कॅननची फाइल तेवढीच उजळली की काळ्या भागात बारीक पट्टे उमटतात. कॅननच्या बाजूने सांगायचं तर त्यात ब्रॅकेटिंग आहे, कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो ओळीने घेता येतात. ते डी ३२०० मध्ये नाही. लेणं जागचं हलत नाही, त्यामुळे तीन फोटो जोडून काम भागतं. माणसं आली की ही युक्ती संपली.

माझे फोटो मुख्यतः माणसांचे, आणि तेही संध्याकाळनंतरचे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तिथे मी दरवर्षी जातो. मला काय खटकलं ते तिथेच कळलं.

उजेड म्हणजे बांबूला टांगलेला एखादा हॅलोजन. ताशावाल्याच्या काड्या डोळ्यालाही नीट दिसत नाहीत इतक्या वेगात. फ्लॅश मारला की वाजवणाऱ्यांचे डोळे दिपतात आणि ती सगळी पिवळी, धुळकट हवा फोटोतून नाहीशी होते, म्हणून फ्लॅश मी वापरत नाही. ५० एमएम लेन्स, एफ १.८ म्हणजे छिद्र पूर्ण उघडं, ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवतो, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ. अशा वेळी १२००डी शटर सेकंदाच्या साठाव्या-ऐंशीव्या भागाच्या आसपास आणून ठेवतो आणि त्याला वाटतं, झालं काम. तुमचा हात हलला तरी फोटो हलू नये एवढाच हिशेब तो करतो. समोरच्याचा हात हलतोय हे त्याच्या गावीही नसतं. चेहरा स्वच्छ, ढोलाची दोरी न् दोरी स्वच्छ, आणि मनगटाच्या पुढे नुसता पांढरट फराटा. आयएसओ वाढवायला जागा शिल्लक असते, पण कॅमेरा ती वापरत नाही. त्याला ‘यापेक्षा कमी शटर नको’ असं सांगण्याची सोय १२००डी च्या मेन्यूमध्ये नाही. जास्तीत जास्त आयएसओ किती, एवढंच सांगता येतं.

डी ३२०० मध्ये ती आहे. ऑटो आयएसओच्या खालीच किमान शटरची ओळ आहे. तिथे १/२५० ठेवायचं, वरची मर्यादा आयएसओ ३२०० ठेवायची आणि मेन्यू बंद करायचा. उजेड कमी होईल तसा कॅमेरा आधी आयएसओ चढवतो, ३२०० ला पोचला की मगच शटरला हात लावतो. हॅलोजनखालच्या ताशांकडून कडेच्या अंधारातल्या झांजांकडे वळलो तरी मला काही फिरवावं लागत नाही. टिपरू वर गेलेलं, खांदा ताणलेला, दात आवळलेले, तो क्षण गाठण्यावर लक्ष राहतं.

जाणकार म्हणतील, कॅनन टीव्ही मोडवर (शटर आपण ठरवायचं, छिद्र कॅमेरा) टाका, शटर १/२५० ठेवा. बरोबर आहे, मीही तसंच वापरत होतो आणि अंधारात ते चालतं. पण दिव्याजवळ आलं की कॅमेरा ॲपर्चर आपल्या मनाने बंद करायला लागतो आणि मागच्या ताडपत्र्या, उभे टेम्पो, मोटारसायकली सगळं ठळक होऊन चेहऱ्याशी भांडतं. मग मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ? तेही होतं, फक्त तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय, मिळत नाही. विसर्जनाच्या दिवशी सगळं पथक पांढऱ्या झब्ब्यात असतं. कॅमेरा पांढरं बघून फोटो काळवंडून टाकतो आणि तो जरा वर उचलायचा म्हटलं तर हातात काही नाही. निकॉनमध्ये ॲपर्चर प्रायॉरिटीतच बटण दाबून एक स्टॉप (दुप्पट उजेड) वाढवला की संपलं.

सेटिंग म्हटलं तर एवढंसं. उन्हात, सहलीत, घरच्या समारंभात ते कधी आठवणारही नाही. पण पथकाचा सराव, कॉलेजच्या एकांकिकेची तालीम, संध्याकाळी मैदानावरची कबड्डी असं काही तुमच्या डोक्यात असेल, तर माझ्या मते गोष्ट तिथेच ठरते. मी डी ३२०० ठेवला. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: त्याला बाहेरचा माइक जोडता येतो, १२००डी ला येत नाही.

निकॉनकडे कल झालाच तर किट लेन्सच्या जोडीला ३५ एमएमची १.८ एएफ-एस बघा. ५० चांगलीच आहे, पण या सेन्सरवर ती जवळजवळ ७५ सारखी वागते, आणि पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी दोन माणसं उभीच्या उभी मावत नाहीत.

दुकानात जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दाराबाहेर येऊन मोकळ्या आभाळाचा एफ १६ ला एक फोटो घ्या आणि मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा, सेन्सरवर काय साचलंय ते दिसेल. निकॉन असेल तर शटर किती वेळा पडलंय तो आकडा त्याच फाइलमध्ये असतो, शटरचा आकडा दाखवणाऱ्या एखाद्या फुकटच्या एक्झिफ ॲपमध्ये (फोटोच्या फाइलमधली माहिती दाखवणाऱ्या) उघडून वाचता येतो. कॅनन १२००डी आपल्या फोटोत हा आकडा लिहीत नाही. तो बघायला कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं, तेव्हा लॅपटॉप बरोबर ठेवा आणि विकणाऱ्याला तशी कल्पना आधीच देऊन ठेवा.