कोल्हापुरी, मोजडी की मखमली स्लिपर? खान्देशी पायांचा हिशेब

वैशाखात चोपड्याला मेहुण्याची वरात निघाली आणि बँडवाल्याने दुसरं गाणं धरेपर्यंत माझ्या उजव्या पायातल्या मखमली स्लिपरने आ वासला. ऑनलाइन मागवलेली जोडी, वर सोनेरी जरदोजीचं हातकाम, किंमत सांगितली तर बायको आजही डोळे वटारते. दुपारभर ती बंद गाडीत राहिली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, गाडीच्या आत तर भट्टीच. डिंक सुटला. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या मोचीदादांनी तळ उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, यानामा शिवाले काहीच नही शे."

तेव्हापासून हातबनावटीची भारी जोडी घ्यायची म्हटलं, की मी आधी तळ बघतो, नक्षी नंतर.

मखमलीवर माझा राग असला तरी तिचं श्रेय तिला द्यायला हवं. मूळ ही इंग्रज घरातली चीज. व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. वर मखमल, आत मऊ गादीचं अस्तर, खाली पातळ चामडी तळ. गालिच्यावर फिरायला, जेवण झाल्यावर आरामात बसायला केलेली. पाय घालताच बसते, चावत नाही, टाचांच्या भेगा काही दिसत नाहीत. एसी हॉलमधलं रिसेप्शन असेल तर खुशाल घ्या. पण मंडप शेतात असेल, तर काळ्या मातीची धूळ मखमलीच्या लवेत अशी बसते की ब्रश मारून मारून हात दुखतो. शिवाय चामडी तळ गुळगुळीत टाइल्सवर घसरतो. मोचीकडून खाली पातळ रबर लावून घ्यावं.

मोजडीचं फार सांगण्यासारखं नाही. शेरवानीखाली तिच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही, हे कबूल. पण पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा फरकच नसतो, वापरून वापरूनच ती पायाचा आकार धरते. ज्याचा पंजा वावरात अनवाणी फिरून रुंद झालाय, त्याने एक नंबर मोठी घालून पाहावी, नाहीतर सप्तपदीच्या आधीच टाच सोलून निघते. लग्नात घालायची, मग कपाटात. तीही साल्यांनी पळवली नाही तर.

उरली कोल्हापुरी, आणि माझं मत तिच्याकडे झुकतं. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या, तेही कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. आपल्याकडचे लोक मात्र अजून हजार रुपयांच्या कोल्हापुरीत दोनशे कमी करा म्हणून अडून बसतात.

तिची खरी गंमत कडेला दिसते. चप्पल उभी धरा आणि तळाची कड निरखा. अस्सल असेल तर चामड्याचे थर, त्यांचे तंतू आणि चामडी वादीचे टाके दिसतात, खिळा नाही. नकली असेल तर मधे पुठ्ठा नाहीतर फोम डोकावतो. मग वास घ्या. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला जरा तुरट, मातकट वास येतो, रेक्झिनला केमिकलचा. टाके असल्यामुळे उन्हात तळ सुटायची भीती नाही, आणि सुटलाच एखादा टाका तर गावचा मोची तो पुन्हा घालू शकतो. समारंभाला नाजूक हवी असेल तर कापशी बघा, बारीक वेणीची. रोज वापरायला जाड तळाची.

खोड्या तिच्याही आहेत. नवी आठवडाभर चावते. चपलेच्या अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून तेल लावून घरातच थोडी थोडी घालत जा. पावसाळ्यात तिला माळ्यावरच ठेवा, कारण भिजलं की चामडं फुगतं, आणि काळ्या चिखलात रुतली तर पट्टा ताणला जातो. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की कडक होऊन तडकते.

आणि घरात कोणाला साखरेचा त्रास असेल, पायाला नीट जाणवत नसेल, तर त्यांच्यासाठी कोल्हापुरी घेऊच नका, कितीही हौस असो. अंगठ्यात फोड आला तरी त्यांना कळत नाही. त्यांना मऊ आतल्या तळाची, पुढून बंद आणि सैल जोडी, डॉक्टरांना विचारून.

माझी स्वतःची कापशी आता तिसऱ्या वर्षात आहे, रंग काळपट-तांबूस झालाय. मखमली जोडी टाकली नाही. मोचीदादांनी नवा तळ घालून कडेने टाके मारून दिले. धुळ्याला वडील पौषातल्या थंडीत पहाटे गार फरशीवर तीच घालून फिरतात, आणि जरदोजीकडे बघून दर वेळी विचारतात, "हे तू खरंच लग्नात घातलं होतंस?"