बसस्थानकासमोरचे मेडिकल : ५०० तासांनंतरचा अभिप्राय

डी. फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली की ५०० तासांचे प्रशिक्षण करावे लागते. ते किमान तीन महिन्यांचे असावे आणि त्यांतील निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात जावेत, असा नियम आहे. रोज सहा तास धरले तर ८४ दिवस होतात. माझे हे दिवस यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या मेडिकलमध्ये गेले. पेरणीच्या लगबगीत मी तिथे रुजू झालो आणि कपाशीची फवारणी संपत आली तेव्हा बाहेर पडलो. दुकानाचे नाव छापू नये अशी मालकांची इच्छा असल्यामुळे ते देत नाही. आम्ही सारी मुले त्यांना काकाजी म्हणत असू, म्हणून इथेही तसेच लिहितो. हा अभिप्राय त्या दुकानात औषध घेणाऱ्यांसाठी आहे, तितकाच पुढच्या वर्षी प्रशिक्षणासाठी दुकान शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

मी हे दुकान मुद्दाम निवडले होते. माझ्या आजीला गुडघेदुखीसाठी दुसऱ्या एका दुकानातून महिनोन्महिने कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळत. त्या कशाच्या आहेत हे पुडीवर कधी लिहिलेले नसे आणि घरात कोणी विचारलेही नाही. पायांवर सूज चढली, तपासण्या झाल्या, तेव्हा मूत्रपिंडावर परिणाम झाल्याचे कळले. पुडी बांधून देणारा माणूस दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक मागते आणि आपण देतो, एवढाच व्यवहार त्याला ठाऊक होता. औषधाच्या दुकानात याहून वेगळे काही घडू शकते का, हे मला पाहायचे होते.

घडते. पण ते कशामुळे घडते, याबद्दलची माझी समजूत पहिल्या पंधरा दिवसांतच बदलली. चांगला दुकानदार म्हणजे नफ्याकडे न पाहणारा दुकानदार, असे मी मानत होतो. काकाजी नफ्याकडे फार बारकाईने पाहतात. दुकान उघडण्याआधी अर्धा तास आणि बंद केल्यावर अर्धा तास त्यांचे हिशेब चालतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कपाटातला प्रत्येक खण रिकामा करून मुदती तपासल्या जातात. ज्या मालाची मुदत जवळ आली असेल तो लाल झाकणाच्या डब्यात जातो आणि स्टॉकिस्टच्या (घाऊक पुरवठादाराच्या) परतीच्या अटीत बसेल अशा बेताने वेळेवर परत पाठवला जातो. दुकानात नसलेले औषध कोणी मागितले की ते त्याच क्षणी शॉर्ट बुकात लिहायचे, संध्याकाळसाठी ठेवायचे नाही, ही त्यांची पहिली शिकवण. या शिस्तीचा रुग्णाशी काय संबंध, असे मला वाटे. तो संबंध एका दुपारी उलगडला.

स्टॉकिस्टचा माणूस एका खोकल्याच्या औषधावर दहावर एक फुकट अशी स्कीम घेऊन आला होता. काकाजींनी ती नाकारली आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "बापू, हा माल कपाटात आला की तो खपवायची घाई होते. घाई झाली की तो कोणाच्या तरी गळ्यात मारावा लागते." कपाटात निकडीचा माल पडून नसेल आणि स्टॉकिस्टचे देणे डोक्यावर नसेल, तर समोरच्याला 'हे औषध तुम्हाला लागत नाही' असे सांगणे परवडते. मी पाहिलेली या दुकानातील रुग्णांची सगळी काळजी या एका परवडण्यावर उभी आहे.

नव्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे आकडे समजून घ्यावेत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो. कर बाजूला ठेवला तर १०० रुपयांना पडलेले औषध ११६ रुपयांना विकले जाते. आता दुकानावर '१० टक्के सूट' अशी पाटी लावली, तर तेच औषध १०४ रुपये ४० पैशांना द्यावे लागेल, म्हणजे सोळा रुपयांतले चार रुपये चाळीस पैसे उरतील. त्यातूनच दुकानाचे भाडे, विजेचे बिल, फ्रीज, कामावरच्या मुलांचे पगार आणि मुदत संपलेल्या मालाचा तोटा भागवायचा. अशी पाटी लावणाऱ्याला मग नफा दुसरीकडून काढावा लागतो, आणि ती दुसरी जागा बहुधा टॉनिके, प्रोटीनची पावडर किंवा छापील किमतीच्या मानाने खरेदी फार स्वस्त असलेली औषधे हीच असते. काकाजींच्या दुकानावर सवलतीची पाटी नाही. समोरच्या दुकानापेक्षा हे महाग आहे अशी तक्रार मी काउंटरवर अनेकदा ऐकली. पाकिटामागे पाहिली तर ती खरी आहे. मात्र चिठ्ठीत नसलेली वस्तू बिलात शिरलेली मला तीन महिन्यांत एकदाही दिसली नाही, त्यामुळे महिन्याच्या खर्चाचा हिशेब करणाऱ्याने एवढ्यावर निर्णय घेऊ नये, असे मला वाटते.

जुलै महिन्यात बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आली. तिने पदराच्या गाठीतून रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "मले पाचच गोया दे, बाकीच्या पुढच्या बाजाराले नेतो." काकाजींनी तिला खुर्चीवर बसवले. रोज घेता का, असे विचारल्यावर ती एक दिवसाआड घेत असल्याचे कळले, कारण तेवढ्यात पैसे पुरतात. या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, असे काकाजींनी सांगितले. दोनदा जाऊन आले, तिथे संपल्या होत्या, असे तिने उत्तर दिले. आता याच घटकाच्या स्वस्त गोळ्या काकाजींच्या कपाटात होत्या. पण औषध नियमांप्रमाणे शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स या, चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्यांतील औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध, घटक तोच असला तरी, दुकानदाराला आपल्या मनाने देता येत नाही. काकाजींनी डॉक्टरांना फोन लावला आणि अडचण सांगितली. डॉक्टरांनी तिला बोलावून घेऊन घटकाच्या नावाने नवी चिठ्ठी दिली. दहा गोळ्यांच्या पैशांत तिला महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. पाकिटावर काकाजींनी उगवत्या सूर्याचे चित्र काढले, कारण तिला अक्षरे वाचता येत नव्हती. शिवाय तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर शोधून, दवाखान्यात गोळ्या आल्या की हिला कळवा, असा निरोप दिला. म्हणजे आपले एक गिऱ्हाईक त्यांनी स्वतःहून सरकारी दवाखान्याकडे वळवले.

हा प्रसंग मी कौतुकाने लिहिला असला तरी त्यातच माझी या दुकानाविषयीची मोठी तक्रार आहे. स्वस्त पर्यायाची गोष्ट काकाजी अडचणीत दिसणाऱ्यालाच सांगतात. स्वच्छ कपड्यांत येऊन पाकीट उघडणारा माणूसही कर्ज काढून आलेला असू शकतो. दिवाळीआधी सोयाबीन घरात यायचे असते तेव्हा आमच्या भागात कितीतरी घरांची हीच अवस्था असते, आणि लाजेने कोणी बोलत नाही. मी हे काकाजींना विचारले. प्रत्येकासाठी डॉक्टरांना फोन करणे शक्य नाही, असे ते म्हणाले. ते खरे आहे. पण 'स्वस्त पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारा' एवढी ओळ लिहिलेली पाटी काउंटरवर ठेवणे शक्य आहे, असे मला आजही वाटते.

उधारीच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम सर्वांना सारखा आहे. रक्तदाब, साखर आणि फिट यांच्या गोळ्या उधारीवर मिळतात, कारण त्या खंडल्या तर माणूस धोक्यात येतो. टॉनिक, मलम, सौंदर्यप्रसाधने रोखीनेच. उधारीची वही कापूस-सोयाबीनच्या हंगामाने चालते आणि बरीचशी खाती दिवाळीनंतर मिटतात. जी मिटत नाहीत त्यांचा आकडाही काकाजी खर्चात धरतात. औषध थांबवत नाहीत.

प्रतिजैविकांबाबत हे दुकान कडक आहे. सर्दीसाठी 'ती तीन गोळ्यांची पट्टी' मागणारे रोज येतात, आणि चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही. सेफिक्सिमसारखी शेड्यूल एच-१ मधील औषधे दिली की डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. क्षयरोगाची औषधेही याच यादीत आहेत. ही वही तपासणीच्या आदल्या रात्री भरली जाते, असे आमच्याकडचे विद्यार्थी एकमेकांना सांगतात. इथे मी स्वतः ती रोज भरली.

माझ्या हातून झालेली एक चूकही लिहिणे भाग आहे. संध्याकाळच्या गर्दीत मी साखरेच्या एका रुग्णासाठी ग्लिमेपिराइडच्या एक मिलिग्रॅमऐवजी दोन मिलिग्रॅमच्या गोळ्या काढल्या. पट्ट्यांचा रंग जवळजवळ सारखा होता. त्या तशाच गेल्या असत्या तर रुग्णाची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकली असती. या दुकानात औषध काढणारा एक आणि हाती देणारा दुसरा असतो. देणारा चिठ्ठी पुन्हा मोठ्याने वाचतो, त्यामुळे औषध हाती देणाऱ्या काकूंच्या ही चूक लक्षात आली. त्या मला रागावल्या नाहीत. दोन्ही पट्ट्या माझ्या हातात देऊन त्यांनी मला त्यांवरचे आकडे तीन वेळा वाचायला लावले. हा नियम पाळायचा तर एक माणूस जास्त ठेवावा लागतो आणि रांगही हळू सरकते. लोक कुरकुरतात. पण १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे का सोपवले, ते त्या दिवशी मला पुस्तकाबाहेर कळले.

फवारणीच्या दिवसांतील एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. तिशीतला एक जण दारात उभा राहून म्हणाला, "काकाजी, ओकारीची गोयी द्या, सकायपासून मळमळून ऱ्हायलं." शर्ट घामाने चिंब होता आणि तोंडाला सारखी लाळ सुटत होती. काकाजींनी गोळी काढली नाही. त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून डोळे पाहिले आणि मलाही दाखवले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, फवारणीच्या विषबाधेची ही खूण. "कोणतं औषध मारलं?" या प्रश्नावर त्याला नाव सांगता येईना, डबा धुऱ्यावर राहिला होता. मग पुढचे सारे पाच मिनिटांत झाले. शर्ट काढून त्याला मागच्या नळावर साबणाने धुतले, सोबतच्या माणसाला डबा आणायला पिटाळले, कारण डब्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात, ग्रामीण रुग्णालयात फोन केला आणि ऑटोत बसवून त्याला पाठवून दिले. साबण दुकानातला होता आणि त्याचे पैसे कुठेच लागले नाहीत. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ओकारीची गोळी देऊन त्याला घरी पाठवणे किती सोपे होते, या विचाराने मी त्या दिवशी नीट जेवू शकलो नाही. तो माणूस चार दिवसांनी घरी परतला.

इन्सुलिनसाठी हे दुकान तालुक्यात सर्वांत विश्वासाचे आहे, असे मी खात्रीने सांगेन. फ्रीजमध्ये तापमापक आहे आणि दोन ते आठ अंशांच्या नोंदी सकाळ-संध्याकाळ होतात. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. एसटीने दूर जाणाऱ्याला थंड पिशवीत बांधून देतात आणि इन्सुलिन बर्फाला थेट टेकू द्यायचे नाही, हे बजावतात. घरी फ्रीज नसेल तर ओल्या माठात कसे ठेवायचे, हेही दाखवतात. ओआरएसच्या बाबतीत, एक लिटर पाण्यात २०.५ ग्रॅम मिश्रणाची जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडीच इथे मिळते. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निर्बंध आणले, पण काकाजींनी ती पेये त्याआधीच ठेवणे सोडले होते, आणि त्यात पुडीपेक्षा कितीतरी जास्त नफा होता.

उणिवांत सर्वांत जास्त खटकणारी उणीव आडोशाची. सहा फुटांच्या काउंटरवर दहा माणसे रेटून उभी असतात आणि प्रत्येकाचा आजार सर्वांना ऐकू जातो. एक तरुण मुलगी तीनदा येऊन काही न मागता परत गेली. चौथ्या वेळी काकू बाहेर आल्या, तिला बाजूच्या जिन्यात घेऊन गेल्या, तेव्हा तिला गरोदरपणाची चाचणी हवी असल्याचे समजले. काकू दुकानात नसत्या तर ती कुठे गेली असती? दुकानामागे मालाची खोली आहे. तिथे एक पडदा आणि दोन खुर्च्या सहज मावतील. मी जाताना हे सुचवले, तेव्हा काकाजींनी ते शॉर्ट बुकात लिहून घेतले.

प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांनी मे महिन्यातच भेटून ठेवावे, कारण ते एका वेळी एकच विद्यार्थी घेतात. औषध घ्यायला जाणाऱ्यांनी संध्याकाळी सहा ते आठची वेळ टाळावी. दुपारी दोन ते चार या वेळात काकाजी निवांत असतात. जुन्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, रिकाम्या असल्या तरी चालतील. ते एकेक पट्टी हातात घेऊन वाचतात.