सायकलवरचा खर्च: अ‍ॅपात लिहावा की वहीत?

लांबच्या सायकल फेरीला निघायचं ठरलं की टायर, गिअर, मुक्काम यांवर सल्ला देणारे पन्नास जण भेटतात. खर्च कसा लिहायचा, हे मात्र कोणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, "त्यात काय, फोनवर दिसतंच की सगळं." फोनवर काय दिसतं ते पुढे सांगतो.

आधी एक कबुली. मी लातूरच्या आडत बाजारात मुनिमी करतो. वीस वर्षं कीर्द-खतावणीत गेली, त्यामुळे माझा कल वहीकडे असणार हे धरूनच वाचा. तरीही पहिल्या फेरीला मी वही नेली नव्हती. घरून निघताना पुन्हा हिशेबाची वही कोण घेणार! जानेवारी २०२३ मध्ये मी आणि मेव्हणा निघालो तेव्हा दोघांच्या फोनात एकच खर्चाचं अ‍ॅप होतं. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तीच फेरी केली, तेव्हा त्याने अ‍ॅपच ठेवलं आणि मी खिशात वही घातली. रस्ता तोच, टपऱ्याही बऱ्याचशा त्याच, आणि हिशेब दोन ठिकाणी. याहून शास्त्रशुद्ध असं माझ्याकडे काही नाही.

फेरी अशी: लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड, तिथून परभणी, जिंतूर, मंठा, वाटूरवरून जालना, मग छत्रपती संभाजीनगर, तिथून खाली पाचोड, गेवराई, बीड, धाराशिव, तुळजापूर आणि औशावरून घरी. सातशे-साडेसातशे किलोमीटर भरतात. आम्हाला आठ दिवस लागतात, तुम्हाला कमी लागतील.

तर फोनवर काय दिसतं? काहीच न लिहिता फक्त यूपीआयच्या यादीवर विसंबणारे खूप आहेत. रात्री लॉजवर पाय भिंतीला लावून यादी उघडायची. तीस, वीस, वीस, पन्नास, आणि समोर माणसांची नावं. टपरीची पाटी आजोबांच्या नावाची असते आणि क्यूआर कोड सुनेच्या खात्याचा. परभणीच्या अलीकडे झिरो फाट्यावर आम्ही एका बाईंना पन्नास रुपये दिले असं माझा फोन म्हणत होता. त्या फाट्यावर आम्हाला एकही बाई दिसली नव्हती. पन्नास कशाचे गेले ते आजवर कळलेलं नाही. त्यातही पिन न टाकता पैसे जावेत म्हणून २०२२ मध्ये आलेलं यूपीआय लाइट चालू केलं असेल, तर बँकेच्या पासबुकात एकेक चहा उमटतच नाही. लाइटमध्ये रक्कम भरल्याची एकच ओळ येते, बाकीचं फोनमध्ये शोधत बसायचं. पैसे देताना शेरा लिहायची सोय असते, हे खरं. पण हातात मोजा, अंगावर ऊन, मागे उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली कर्णा वाजवतेय, अशात मी आठ दिवसांत दोनदा शेरा लिहिला. यादी ताळा पाहायला उत्तम, हिशेब म्हणून नाही. म्हणजे खरी निवड अ‍ॅप की वही एवढीच उरते.

अ‍ॅपच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि मेव्हणा ते माझ्याहून चांगलं बोलतो. बेरीज आपोआप होते. आज किती, सरासरी किती, शिल्लक किती, हे सायकलवर बसल्या बसल्या कळतं. नेटवर्क नसलं तरी आमचं अ‍ॅप चालायचं, तेव्हा मंठ्याकडे रेंज जाते वगैरे कारण मी देणार नाही. बॅटरीचंही नाही, नकाशासाठी फोन चालू ठेवायचाच असतो. आणि वाटणी! हॉटेलात एकाने द्यायचे, लॉजवर दुसऱ्याने, आणि रात्री कोण कोणाचं किती देणं लागतं ते अ‍ॅप एका ओळीत सांगतं. "दाजी, एकशे बारा येणंय तुमच्याकडून," असं तो रोज झोपताना बजावायचा. चूक एकदाही निघाली नाही. मी मुनीम असून वहीत दोनदा नऊ-नऊ रुपयांनी चुकलो. शंभर किलोमीटर झाल्यावर हातचा विसरतो माणूस.

मग अडलं कुठे? उजनीत.

लातूर-तुळजापूर रस्त्यावर औसा तालुक्यात उजनी आहे, आणि तिथली बासुंदी माहीत नसलेला माणूस आमच्याकडे सापडणार नाही. फेरीचा शेवटचा दिवस, तुळजापूरहून परत निघालेलो. ती बासुंदी ही आमची आठ दिवसांची वाट पाहून ठेवलेली चैन. समोर वाटी आली. वर जाड, पिवळसर साय. मेव्हण्याने चमच्याने ती कडेला सारली, एक घोट घेतला, आणि धर्म म्हणून फोन काढला. आकडा टाकायच्या आधी अ‍ॅपने नेहमीचा प्रश्न विचारला: कशात टाकू? पडद्यावर चौकोनांची ओळ. खाण्याला बर्गरचं चित्र, किराण्याला पिशवी, मनोरंजनाला सिनेमाचं तिकीट, इंधनाला पेट्रोल पंप.

"दाजी, बासुंदी कशात टाकू ओ? ह्यात बर्गर हाय."

"टाक की खाण्यात."

"खाण्यात टाकली की जेवणात मिसळून जाती. मग कळायचं कसं?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "इंधनात टाकतो. सायकलचं इंधन हेच की."

घरी आल्यावर त्याने बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, तो रंगीत वर्तुळाचा तक्ता कौतुकाने दाखवला. तिने बरोबर तेवढंच पाहिलं. "सायकलला पेट्रोल कधीपासून लागायलं?"

हसण्यावारी गेलं, पण माझ्या डोक्यात तेच राहिलं. त्या तक्त्यात सगळ्यात मोठा तुकडा 'खाणे-पिणे' असा होता. त्यात पोट भरायला किती गेले आणि जिभेला किती, हे दोघांपैकी कोणालाही सांगता येईना. आणि लांबच्या फेरीत तेच तर हवं असतं. लॉजचं भाडं कोणालाही आठवतं. पैसे जातात ते दहा-वीसच्या चोचल्यांत, आणि आठ दिवसांनी आठवणही त्यांचीच येते.

यावर अ‍ॅपवाले म्हणतील की स्वतःचा मथळा तयार करता येतो. येतो. मी त्याच रात्री 'चोचले' नावाचा मथळा केला आणि नंतर घरच्या खर्चावर दोन महिने वापरून पाहिला. तरी दुखणं गेलं नाही. पैसे देता देताच अ‍ॅप निवाडा मागतं, आणि त्या घटकेला तो आपल्याकडे नसतो. सकाळचा पहिला चहा गरज. दहाचा चहा? तोही गरज म्हणू. चारचा, पाय दुखत नसताना, फक्त टपरी दिसली म्हणून घेतलेला? बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढल्यावर घेतलेलं लिंबू-सरबत माझ्या लेखी औषधच असतं; तेच सरबत धाराशिवला जेवणानंतर घेतलं की लाड. कुठलं काय होतं ते रात्री, दिवस डोळ्यासमोर आडवा पडला की कळतं.

आमच्या धंद्यात ही भानगड फार जुन्या काळी मिटलेली आहे. दिवसभर जे जसं घडलं तसं त्याच क्रमाने कीर्दीत लिहायचं. कोणत्या खात्यावर घालायचं ते नंतर, निवांत बसून. त्याला खतावणे म्हणतात. अ‍ॅपात कीर्दच नाही, तुम्हाला थेट खतावणीच्या पानावर उभं करतात. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असताना मी खतावत बसलो तर शेठजी मला घरी पाठवतील.

म्हणून दुसऱ्या फेरीला तळहाताएवढी वही. मधे उभी रेघ नाही, रकाने नाहीत. थांबा झाला की एक ओळ. मंठ्याच्या दिवसाचं पान समोर आहे, ते असं: 'चहा २, २०. सुशीला २ प्लेट, ५०. पाणी, २०. सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेटं, ५ (लादलेली). हुरडा, ०. चहा २, २०. केळी, ३०.' सुशीला म्हणजे आपला चुरमुऱ्यांचाच नाश्ता, परगावच्या वाचकांनी भलता अर्थ काढू नये.

त्यातल्या हुरड्यापुढच्या शून्याबद्दल थोडं सांगायला हवं. जानेवारीत त्या पट्ट्यात ज्वारीची कणसं भरात असतात. रस्त्याला लागून एका शेतात आगटी पेटलेली दिसली, आम्ही फक्त वेग कमी केला, तर आतून हाक आली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस त्या काकांनी तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि हिरवे गरम दाणे आमच्या ओंजळीत ओतले. सोबत तिळाची चटणी आणि गुळाचा खडा. पैशाचं विचारलं तर त्यांना ते आवडलं नाही. मेव्हण्याने सवयीने अ‍ॅप उघडलं, शून्य टाकलं. त्याच्या अ‍ॅपने शून्य घेतलंच नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवलो तेव्हाही तेच. माझ्या वहीत 'लंगर, ०; पेटीत १००' असं आहे. हे पैसे कोणत्या खात्याला घालायचे हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री खतावणी. पाच-दहा मिनिटांचं काम. दिवसाच्या ओळींवरून पेन्सिल फिरवायची आणि जिथे मन कबूल करेल तिथे समासात 'चो' लिहायचं. आम्ही माणशी रोज पन्नास रुपये चोचल्यांना बांधून दिले होते, उरले तर पुढच्या दिवसाला जमा. हे बंधन ऐकायला कंजूष वाटतं, पण त्याने मजा येते. संभाजीनगरला नान-खलिया खाल्ला त्या रात्री आमच्यात बराच वाद झाला. तो म्हणे हे जेवण, मी म्हणे सरळसरळ चो. शेवटी अर्धं-अर्धं केलं. वहीत असं करता येतं. पुढे वाशी-तेरखेड्याच्या पट्ट्यात कुंथलगिरीच्या पेढ्यांनी घात केला. तिथल्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे आता तो खाणं कर्तव्यच, असा युक्तिवाद मेव्हण्याने केला. पाव किलो घेतले. त्या रात्री चोचल्यांचं खातं उलटं झालं आणि उजनीची बासुंदी उधारीवर खावी लागली. पण ती उधारीवर खाल्ली हे आम्हाला माहीत होतं, मागच्या वेळी ते इंधनात गडप झालं होतं.

वहीचे दोष लपवत नाही. पहिल्याच दिवशी अहमदपूरच्या पुढे घामाने पान भिजलं आणि पेनाची शाई पसरून 'चहा'चा डाग झाला. तेव्हापासून पेन्सिल, आणि वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. ओळ लिहायची राहूनही जाते. मग रात्री यूपीआयची यादी काढून ताळा पाहायचा, तिथे ती यादी उपयोगी पडते. वही हरवली तर हरवली, दुसरी प्रत नाही. आणि वाटणीचं गणित वहीत किचकट होतं, म्हणून आम्ही दोघांनी सुरुवातीलाच सारखे पैसे एका बटव्यात टाकले आणि मधले सगळे खर्च त्यातून केले. दोघांत हे निभतं. चार-पाच जणांचा जथा असेल, कोणी मांसाहारी, कोणी उपवासवाला, कोणी वेगळ्या लॉजवर, तर मी तुम्हाला वही घ्या असं म्हणणार नाही. तिथे अ‍ॅपच हवं, आणि ते सांभाळणारा माझ्या मेव्हण्यासारखा एक चिकट माणूसही.

एकटे किंवा दोघे असाल तर एकदा वही नेऊन पाहा. आवडली नाही तर दहा-पंधरा रुपये गेले, ते पहिल्याच पानावर लिहून टाका. मेव्हणा अजून अ‍ॅपवरच आहे आणि त्याचं काही बिघडलेलं नाही. फक्त या खेपेला औशाच्या अलीकडे त्याने माझ्याकडे वही मागितली, 'पेढे कितव्या दिवशी खाल्ले ते बघायचंय' म्हणून.

दुकानात गेलात तर शिवलेली वही मागा, स्पायरलची घेऊ नका. माझी पहिली स्पायरलची होती. जर्सीच्या मागच्या खिशात ती तारेची बाजू नेमकी माकडहाडावर येते, आणि नांदेड येईस्तोवर आपण हिशेबाबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल विचार करत असतो.