निवडणूक प्रचारातून टीव्हीवर येणाऱ्यासाठी कुणाचा रस्ता चांगला, कार्व्हिल की स्टेफनोपोलस?

1992 ला बिल क्लिंटनच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात हे दोघं सल्लागार एकाच खोलीत बसायचे, लिटल रॉकच्या वॉर रूममध्ये, म्हणजे प्रचाराच्या मुख्य खोलीत. तिथल्या बोर्डावर जेम्स कार्व्हिलने तीन ओळी लिहिलेल्या, त्यातली अर्थव्यवस्थेवरची जगभर गाजली.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. जॉर्ज स्टेफनोपोलस व्हाइट हाउसमध्ये गेला, पहिल्या टर्मनंतर बाहेर पडून एबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीत आला, आधी विश्लेषक, मग 2002 पासून रविवारच्या शोचा अँकर आणि 2009 ला सकाळचा शो पण. म्हणजे पक्षाचा माणूस थेट तटस्थ पत्रकाराच्या खुर्चीत, आणि मला तेच खटकतं, कारण 2015 मध्ये त्याने क्लिंटन फाउंडेशनला (क्लिंटन कुटुंबाच्या सेवाभावी संस्थेला) दिलेले 75,000 डॉलर बाहेर आले तेव्हा त्याला माफी मागावी लागली, रिपब्लिकन डिबेटच्या मॉडरेशनमधूनही माघार घ्यावी लागली.

कार्व्हिल मात्र सीएनएनच्या क्रॉसफायर या वादविवादाच्या शोवर उघड डेमोक्रॅट म्हणूनच बसला, आता पॉडकास्टवरही तसाच. बायको मेरी मॅटलिन तर 1992 च्याच निवडणुकीत क्लिंटनच्या विरोधातल्या बुशच्या प्रचारात होती!

प्रतिष्ठा, मोठी खुर्ची हवी तर स्टेफनोपोलसचा रस्ता. पण ऐकणाऱ्याला आधीच कळतं की हा कुणाच्या बाजूने बोलतोय, म्हणून मला कार्व्हिलचाच जास्त प्रामाणिक वाटतो.