तीन सेकंद मागे: नेटशिवाय इंग्रजीचे व्हिडिओ

परवा इंग्रजीच्या तासाला लॅपटॉपचं डावीकडचं शिफ्ट बटण निघून हातात आलं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, "मॅडम, एकटं बटण बसत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल. चौदाशे." एका बटणाचे चौदाशे! त्या तिरीमिरीत लिहायला बसले आहे.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर. रेंज हवी तर पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं. टीव्ही लोकवर्गणीतून आलेला, त्यामुळे तो बंद दिसला की "का हो बाई?" विचारायचा हक्क सगळ्या गावाला.

जूनमध्ये सुरुवात केली ती यूट्यूब प्रीमियमने, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या यूट्यूबने. घरी टॅबवर व्हिडिओ उतरवायचे आणि टॅब शाळेच्या कपाटात. मस्त चाललं होतं. दिवाळीची सुट्टी संपवून आलो, केंद्रप्रमुख वर्गात बसलेले, आणि एकही व्हिडिओ चालू होईना. महिन्यातून एकदा तरी टॅब नेटला जोडावा लागतो, नाहीतर उतरवलेलं सगळं अडकतं. तेव्हा मी फार चिडले होते. आता वाटतं, अट त्यांनी लिहिलेलीच होती, वाचली मी नव्हती. ते व्हिडिओ ॲपच्या बाहेर निघत नाहीत, पेन ड्राइव्हवर जात नाहीत, हे मात्र अजूनही सलतं. पैसे भरायचे आणि वर टाकीपर्यंत चढायचंही मीच.

फुकट उतरवून देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. नियमात बसत नाही हे आहेच, पण आमच्या एका सरांच्या पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस शिरून सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, आणि तोच ड्राइव्ह पुढे तीन शाळांत फिरला.

मी शेवटी व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी प्रसारण संस्थेच्या लर्निंग इंग्लिशवर, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्या विभागावर आले. १९५९ पासून ही मंडळी मुद्दाम सावकाश बोलत आली, साधारण दीड हजार शब्दांत. त्यांचं स्वतःचं साहित्य सार्वजनिक मालकीचं, आणि उतरवायची सोय साइटवरच. ॲना नावाच्या मुलीचे नवशिक्यांसाठीचे ५२ धडे मी आधीच उतरवून ठेवले होते. मार्च २०२५ मध्ये तिथलं काम ठप्प झालं, पण माझ्या पेन ड्राइव्हवरची ॲना ठणठणीत आहे.

आता मुद्द्याचं. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावून भाषा शिकवता येत नाही. सिनेमा बघता येतो. भाषेच्या तासाला एकच गोष्ट शंभर वेळा लागते: आत्ता म्हटलेलं वाक्य पुन्हा. टीव्हीच्या रिमोटवर मागे जायचं बटण दाबलं की व्हिडिओ दुप्पट, चौपट वेगाने पळत सुटतो आणि थांबेपर्यंत मागचा प्रसंग येतो. चाळीस पोरं ओरडतात, "बाई, पुढं! पुढं!" पुढं नेलं की वाक्य गेलेलं. दोन महिने मी हा खेळ केला.

मग जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला आणि त्यात व्हीएलसी हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे. शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबले की व्हिडिओ बरोबर तीन सेकंद मागे. एक वाक्य म्हणजे साधारण तीन सेकंदच!

पहिल्या दिवशी 'नाइस टू मीट यू' ऐकवलं. पोरांनी पाटीवर लिहिलं, "नाइस्टमीच्यू". तीन सेकंद मागे. पुन्हा तेच. सातव्यांदा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती 'टू' म्हणतच नाय, नुसती ट टेकवती." इतकी वर्षं मी फळ्यावर तो 'टू' ठळक काढत आले होते.

चौकटी कंसाचं डावं बटण ( [ ) दाबलं की वेग थोडा थोडा कमी होतो. सुरुवातीला मी याचं फार कौतुक केलं, आता वापरत नाही. ॲना मुळात सावकाश बोलते, आणखी हळू केली की ती पेंगल्यासारखी वाटते आणि पोरं पेंगलेलंच इंग्रजी उचलतात. व्हिडिओखाली येणाऱ्या अक्षरांबद्दलही (सबटायटल्स) मत बदललं. आधी ती कायम चालू ठेवायचे, पण पोरं ऐकायचं सोडून वाचत बसतात. आता दोनदा अक्षरांशिवाय, तिसऱ्यांदा 'व्ही' दाबून अक्षरांसकट. (मराठी अक्षरांची फाइल टीव्हीला देऊन बघितली होती. काना-वेलांट्या वेगळ्या, जोडाक्षरं फुटलेली. नाद सोडला.)

लाइट गेली तर? लॅपटॉपची बॅटरी पस्तीस मिनिटं टिकते आणि तास चाळीसचा असतो. पडदा लहान होतो, पोरं जवळ सरकतात, चालतं.

तर बटण तुटलं त्या दिवशी मी हताश होऊन ते हातात घेऊन उभी होते. पुढच्या बाकावरचा एक पोरगा उठून आला, कीबोर्ड निरखला आणि म्हणाला, "बाई, हिकडं उजव्या बाजूला पण हाय की एक." होतं. बाणाला जवळजवळ चिकटून. एका हाताने दोन्ही दाबता येतात. सहा महिने मी डावा हात इथे, उजवा तिथे करून वर्गाकडे पाठ करत होते.

चौदाशे वाचले. स्पीकर घ्यावा म्हणते.