‘अँटी-स्किड’ फरशीच्या नावाखाली आमच्या सोसायटीची झालेली फसवणूक

ठाण्यातील आमच्या २८ सदनिकांच्या सोसायटीत पोर्च, लॉबी आणि पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटचा आहे. पाऊस सुरू झाला की छत्र्यांचे निथळते पाणी आणि चपलांबरोबर आलेला चिखल यांमुळे त्यावरून चालणे जिकिरीचे होते. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पोर्चमध्ये पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. त्यानंतरच्या सभेत फरशीचा तातडीने बंदोबस्त करावा असे ठरले आणि खजिनदार या नात्याने ते काम माझ्याकडे आले. पुढे जे घडले त्यातील माझी जबाबदारी मी नाकारत नाही, पण अशी पाळी आणखी कुणावर येऊ नये म्हणून ते तपशिलाने लिहीत आहे.

‘अँटी-स्किड ट्रीटमेंट’ करून देणाऱ्या एका ठेकेदाराने फरशी उखडावी लागणार नाही, तिची चकाकी जाणार नाही आणि पाच वर्षांची लेखी हमी मिळेल असे सांगितले. दर चौरस फुटाला ४५ रुपये, क्षेत्र २,२०० चौरस फूट, वर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १,१६,८२० रुपये झाले. दोन दिवस त्यांची माणसे कसलेसे द्रव ब्रशने घासून फरशी पुसत होती. तिसऱ्या दिवशी कमिटीसमोर चाचणी झाली. त्यांच्या माणसाने पोर्चमधील एक फरशी फडक्याने स्वच्छ, कोरडी पुसली, तिच्यावर जेवणाच्या डब्याएवढी एक जड पेटी ठेवली आणि दोरीने सावकाश ओढली. पेटीच्या पडद्यावर ०.७१ हा आकडा उमटला. ०.५ च्या वर म्हणजे सुरक्षित, असे त्याने सांगितले. मी त्या आकड्याचा फोटो काढला, ‘आर-११’ असे ठळक अक्षरांत छापलेले प्रमाणपत्र ताब्यात घेतले आणि त्याच संध्याकाळी पूर्ण रकमेचा चेक दिला.

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. काकू पडल्यापासून ते पावसात खाली उतरत नव्हते. “बाबा, आता खाली काही भीती नाही, संध्याकाळी फेरी मारत जा,” असे मीच त्यांना सांगितले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते त्याच पोर्चमध्ये पाय सरकून पडले. आधारासाठी टेकलेल्या हाताचे मनगट मोडले आणि त्यात पट्टी बसवावी लागली. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, याचा मला अधिक त्रास होतो.

त्यानंतर ओळखीच्या एका स्थापत्य अभियंत्यांना फरशी तपासण्यासाठी बोलावले. त्यांनी लंबकाचे उपकरण आणले होते. ब्रिटनमध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी हीच पद्धत प्रामुख्याने वापरतात. लंबकाच्या टोकाशी रबराची पट्टी असते आणि झोका घेताना ती फरशीला सुमारे १२६ मिलिमीटर घासून जाते, जणू चालताना टाच टेकून पुढे सरकावी तशी. घर्षण जितके जास्त, तितका लंबक पलीकडे कमी उंच जातो आणि काटा मोठा आकडा दाखवतो. त्यांनी आधी ती लांबी पट्टीने मोजून उपकरण बसवले, रबर बारीक कागदावर घासून तयार केले आणि मग फरशीवर पाणी शिंपडले. प्रत्येक दिशेने आठ झोके घेऊन पहिले तीन सोडले आणि उरलेल्या पाचांची सरासरी काढली. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार २४ पर्यंतच्या आकड्याला घसरण्याचा धोका जास्त, २५ ते ३५ ला मध्यम आणि ३६ पासून पुढे कमी मानतात. आमच्या पोर्चचा आकडा १९ आला. पत्रपेट्यांचा लोखंडी स्टँड ठेकेदाराच्या माणसांनी हलवलाच नव्हता. त्याच्याखालच्या, द्रव न लागलेल्या जागेचा आकडा १८ आला. सव्वा लाखाच्या घरात जाणारी रक्कम आम्ही या एका आकड्यासाठी मोजली होती.

पेटीच्या चाचणीतील लबाडी तेव्हा लक्षात आली. स्वच्छ आणि कोरडी असताना जवळजवळ कोणतीही फरशी चांगलाच आकडा देते. माणसे पडतात ती ओल्या फरशीवर, कारण गुळगुळीत दगड आणि टाच यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला निसटायला वाव मिळत नाही आणि पाय त्या पातळ थरावर तरंगतो. तो थर भेदण्यासाठी पृष्ठभागावर पुरेसे सूक्ष्म उंचवटे लागतात. म्हणूनच आरशासारखी चकाकी तशीच ठेवून ओल्यातली पकड वाढवून देतो म्हणणाऱ्याकडून ओल्या फरशीवरचे मोजमाप आधी मागायला हवे होते.

प्रमाणपत्राची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘आर’ ही श्रेणी जर्मन पद्धतीची असून ती फक्त प्रयोगशाळेत ठरते. तेल ओतलेल्या उतारावर सुरक्षा बूट घातलेला माणूस चालतो आणि त्याचा पाय सरकू लागेपर्यंत उतार वाढवत नेतात. १९ ते २७ अंशांपर्यंत टिकणाऱ्या नमुन्याला आर-११ म्हणतात. आधीच बसवलेल्या फरशीला ही श्रेणी देताच येत नाही. (ही श्रेणी आर-९ पासून सुरू होते, त्यामुळे ‘आर-९ अँटी-स्किड’ म्हणून विकली जाणारी टाइल खरे तर सर्वांत खालच्या पायरीवरची असते.) आमचे प्रमाणपत्र मी नीट वाचले तेव्हा त्यात ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड टाइलच्या नमुन्याचा उल्लेख सापडला. आमच्या इमारतीत तशी एकही टाइल नाही.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा सफाई करणाऱ्या बाई फिनाइल वापरतात म्हणून हमी रद्द झाली, असे उत्तर मिळाले. त्यानंतर फोन उचललाच गेला नाही. आम्ही पोर्चमधील ग्रॅनाइट काढून तेथे फ्लेम फिनिशचा खरखरीत ग्रॅनाइट बसवला. या वेळी करारातच अट घातली की आपण निवडलेल्या तज्ज्ञाने बसवलेल्या फरशीवर, ओल्या स्थितीत, तीन दिशांनी लंबक चाचणी करावी आणि प्रत्येक दिशेला किमान ३६ आल्यावरच शेवटची निम्मी रक्कम द्यावी. सर्वांत कमी आकडा ५२ आला.

पहिल्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. सोबत ते प्रमाणपत्र जोडले आहे आणि मी काढलेला तो फोटोही. त्यात ०.७१ या आकड्याच्या शेजारीच फरशी पुसलेले कोरडे फडके पडलेले स्पष्ट दिसते.